बंद केलेली तक्रार

अण्णा, परवा तुमचं तेरावं झालं. अक्कांनी माझ्या पानात दोन होळिगे, म्हणजे तुमच्याकडच्या पुरणपोळ्या, वाढले, वर तूप सोडलं, आणि मी दोन्ही खाल्ले. मी रडेन असं सगळ्यांना वाटत होतं. तुमच्या धाकट्या बहिणीनं तर माझ्याजवळ पाण्याचा तांब्या आणि स्वच्छ रुमाल आधीच आणून ठेवला होता. पण मला रडू आलं नाही. तुमच्या येलहंक्याहून सर्जापूर रोडला माझ्या घरी परत जाताना टॅक्सीत खिडकीला डोकं टेकलं आणि चक्क झोप लागली. कितीतरी महिन्यांनी अशी गाढ झोप लागली असेल. घर आल्यावर ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली तेव्हा जाग आली.

माणूस गेल्यावर हलकं वाटलं, हे बोलायची आपल्यात सोय नाही. अक्का मात्र, तुमची बायको असून, बोलल्या. दारात पाहुण्यांना निरोप देताना त्या म्हणाल्या, "सुटले बाई. हात तरी किती टोचून घ्यायचा माणसानं." मंगळवार आणि शुक्रवार, चार चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसणं, घोटभर पाणी मोजून पिणं, रात्रभर पायांना खाज. ते संपलं म्हणून त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. पण मला बरं वाटायला आणखी एक कारण आहे आणि ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, कारण एकदा मला ते सलग बोलायचंय.

मी महादेवपुऱ्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आम्ही हॉस्पिटलांसाठी ॲप बनवतो. डॉक्टरची वेळ घ्यायची, तपासण्यांचे रिपोर्ट बघायचे, औषधांची चिठ्ठी उतरवून घ्यायची. तुमचं हॉस्पिटल आमचं गिऱ्हाईक. जुन्या ॲपमध्ये साधे शब्द होते, ‘रिपोर्ट’, ‘औषधं’, ‘डॉक्टर’. मग आम्ही ते नवं केलं. शब्द काढले आणि चित्रं आणली. छोटी, गोल, देखणी. ती मी केली होती. अशा प्रत्येक चित्रामागे एक न दिसणारं नाव लिहून ठेवायचं असतं, म्हणजे अंध माणसाचा फोन ते नाव मोठ्यानं वाचतो. मी ती नावं लिहिली नाहीत. विसरले नव्हते. नंतर करू म्हटलं होतं.

तुमची तक्रार इंग्रजीत आली, फोनला बोलून लिहवलेली. मला ती अजून पाठ आहे. ‘मी विसाव्या वर्षापासून आंधळा आहे. सरकारी कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केली. तुमचं ॲप आधी रिपोर्ट म्हणायचं. आता ते नुसतं बटन म्हणतं. अशी सात बटनं आहेत. यातलं माझं कुठलं?’

अशा प्रत्येक तक्रारीला आमच्याकडे तिकीट म्हणतात. दर सोमवारी सकाळी मी आणि माझा मॅनेजर कार्तिक तिकिटं निवडत बसायचो. कुठलं आत्ता करायचं, कुठलं नंतर, कुठलं कधीच नाही. तुमच्या तिकिटावर आम्ही मिनिटभरही घालवलं नाही. "किती लोकांना हा त्रास आहे?" कार्तिकनं विचारलं. "फारच थोड्या," मी म्हणाले. त्यानं पुढचं तिकीट उघडलं. मी तुमच्या तिकिटाखाली लिहिलं, ‘अत्यल्प वापरकर्त्यांवर परिणाम. करणार नाही.’ आणि ते बंद केलं. खाली आपोआप माझं नाव आलं. त्या दुपारी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. केक होता. मी खाल्ला.

पुढचं मला तुमच्याकडूनच कळलं. तुमच्या तपासणीचा रिपोर्ट आला, आणि सात बटनांतलं कुठलंही दाबून तुम्हाला तो ऐकता येईना. अक्कांना इंग्रजी वाचता येत नाही. मग तुम्ही काठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलात आणि फोन दुकानदाराच्या हातात दिलात. तो भला माणूस. त्यानं खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, क्रिएटिनिन एवढं, किडनी एवढीच चालतेय, ताबडतोब डॉक्टरांना भेटा. काउंटरवर आणखी चार जण उभे होते. त्यातल्या एकानं "अय्यो पापा", अरेरे बिचारा, असं म्हटलं. ते तुम्हाला त्या किडनीपेक्षा जास्त लागलं होतं. "माझं मरण," तुम्ही मला म्हणालात, "आणि त्याची बातमी मला त्या चौघांबरोबर रांगेत उभं राहून मिळाली."

तुम्ही घरी आलात आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याखाली आयुक्तांकडे तक्रार टाकलीत. वकील नाही, संस्था नाही. फोनवर कायदा ऐकलात, कलमं लक्षात ठेवलीत, अर्ज लिहवलात. कंपनीत नोटीस आली तेव्हा सगळे गडबडले. लीगल विभागाच्या बाईंनी कार्तिकला विचारलं, हा माणूस कोण, याच्याशी कुणी बोलेल का. नागोजीराव हे तुमचं नाव बघून कार्तिक माझ्याकडे वळला. "हे तुमच्याकडचे दिसतात. तू जा. समजावून बघ. तक्रार मागे घेतली तर पंधरा दिवसांत दुरुस्त करून देऊ, माझा शब्द."

मी शनिवारी सकाळी आले. तुम्ही व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसला होतात. मी नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं. तुम्ही मान तिरकी केलीत, तुमची ती सवय, कान पुढे करण्याची.

"पुण्याची का?"

"हो. तुम्ही?"

"आम्ही इथलेच. चारशे वर्षांपूर्वी आलो, परत जायचं राहून गेलं." मग लगेच, "तक्रार मागे घे म्हणून सांगायला आलीस?"

मी घरून बरंच काही घोकून आले होते. पण तोंडातून निघालं, "हो."

"सरी. कॉफी पिऊन सांग."

कॉफी आली. तुम्ही फोन माझ्या हातात दिलात. कुणाला दाखवायचं नसेल तर तुमच्या फोनचा पडदा काळाच. तुम्हाला तो लागत नाही, आणि बसमधल्या शेजाऱ्यानं डोकवायला नको. "आता माझा रिपोर्ट काढ," तुम्ही म्हणालात. माझंच ॲप, अण्णा. त्यातली एक न् एक रेघ मी ओढलेली. मी काळ्या काचेवर बोट फिरवलं. फोन म्हणाला, बटन. पुढे सरकले. बटन. परत बटन. मी अंदाजानं एक दाबलं आणि ॲपनं मला बाहेर काढलं. आत परत यायला मोबाइलवर आकडे आले. ते ऐकून, लक्षात ठेवून, योग्य चौकटीपर्यंत पोचेपर्यंत त्यांची मुदत संपली. अक्का दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. "हे रोज असं करतात," त्या म्हणाल्या, "आणि मग मला ओरडतात."

"हे केलं तरी कुणी असेल गं?" तुम्ही विचारलंत. रागानं नाही, कुतूहलानं.

मी म्हणाले, "आमच्याकडे टीम असते, अण्णा. कुणा एकाचं काम नसतं."

तुम्ही "हं" म्हणालात. त्या दिवशी मी पहिल्यांदाच तुम्हाला अण्णा म्हटलं होतं, आणि त्याच वाक्यात खोटं बोलले होते.

मी कार्तिकला सांगितलं की ते मागे घेणार नाहीत. सोमवारी बसून मी सातही बटनांना नावं दिली. तासाभराचं काम होतं. पण कार्तिकनं ते पुढे जाऊ दिलं नाही. लीगलचं म्हणणं होतं की प्रकरण चालू असताना दुरुस्ती केली तर चूक मान्य केल्यासारखं होईल. ते ऐकून मी थक्क झाले. तुम्हाला येऊन सांगितलं तर तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "बघ! म्हणजे कायद्याला घाबरतात. माझ्या किडनीला नाही घाबरले."

त्यानंतर मी दर शनिवारी येत राहिले. का, असं घरी विचारलं की मी सांगायची, अनुभव मिळतो. अनुभव कसला, मला तुमच्या व्हरांड्यात बरं वाटायचं. इथं ऑफिसात हिंदी, दुकानात मोडकंतोडकं कन्नड. पोटभर मराठी बोलायला तुमच्याकडेच मिळायचं, मग ते ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ घालून का असेना. माझ्या मराठीतले इंग्रजी शब्द तुम्ही बोटांवर मोजायचात आणि दहा झाले की "साकू, पुरे, आता गप्प बस" म्हणायचात. आणि एकदा तुम्ही आमच्या ॲपच्या अटी आणि शर्ती पूर्ण ऐकल्यात! फोनचा वेग कमी करून, अक्कांना शेजारी बसवून, आख्खी दुपार. मी आले तेव्हा अक्का तक्क्याला टेकून झोपल्या होत्या आणि तुम्ही टवटवीत होतात.

"तुमच्या कंपनीचे भागीदार कोण गं?"

"म्हणजे?"

"यात लिहिलंय, माझी माहिती भागीदारांना देता येईल. माझा रिपोर्ट मला मिळत नाही, भागीदारांना मिळतो. ते कोण ते कळलं तर त्यांनाच फोन करून विचारतो, माझी किडनी कशी आहे."

मी हसले. सोमवारी ऑफिसात विचारलं तर तिथं कुणाला नीट सांगता आलं नाही. ज्या अटी हजारो लोक ‘मान्य’ दाबून पुढे जातात, त्या बनवणाऱ्यांनीही वाचलेल्या नसतात. तुमच्यासारख्या माणसाला त्या ऐकाव्याच लागतात, कारण तुमचा फोन गाळून पुढे जात नाही.

मग आपलं भांडण झालं. तोवर डायलिसिस सुरू झालं होतं. तुमचा हात काळानिळा बघून मी चिडले. म्हटलं, "अण्णा, तुम्ही हट्ट करताय. मागे घ्या ती तक्रार. कार्तिकनं शब्द दिलाय. पंधरा दिवसांत तुमचा रिपोर्ट तुमच्या कानात येईल. जिंकायचंय की रिपोर्ट ऐकायचाय?"

"नियम पाहिजे मला," तुम्ही म्हणालात. "उपकार नको."

"उपकार कसला? मी करतेय ना! मी माझ्या हातानं करेन."

"तू आहेस तोवर होईल. तू दुसरी नोकरी धरलीस की? त्या कार्तिकनं धरली की? पुढच्या वेळी ॲप परत देखणं करायची हुक्की आली की?"

"सगळ्यांनाच कायद्याची काठी लागत नाही. माणसं चांगली असतात, त्यांना दाखवलं की कळतं."

"मी लिहून दाखवलं होतं," तुम्ही हळूच म्हणालात. "कुणीतरी वाचून बंद केलं."

मी पर्स उचलली आणि निघाले. तुम्हाला वाटलं असेल मी रागावले. मी घाबरले होते. सात शनिवार मी आले नाही. शेवटी अक्कांचाच फोन आला. "ये गं. ते काही विचारत नाहीत, पण शनिवारी रेडिओ बंद करतात आणि फाटकाकडे कान लावून बसतात."

मी आले त्या दिवशी तुमच्याकडे कंपनीचं लेखी उत्तर येऊन पडलं होतं. आमच्या वकिलांनी कागद छापले, सह्या केल्या, त्यांचे फोटो काढले आणि ते फोटो तुम्हाला पाठवले. तुमचा फोन म्हणत होता, चित्र. चित्र. चित्र. बावीस पानं. तुम्ही इतके हसलात की खोकला आला. "आंधळ्यांसाठी आम्ही फार करतो असं यात लिहिलं असणार, आणि तेच आंधळ्याला वाचता येत नाही!"

मीही हसले. आणि अण्णा, हे मला लिहायलाच हवं. त्या क्षणी मला आतून सुटल्यासारखं वाटलं. त्या उत्तराला जोडलेल्या कागदांत तुमचं ते जुनं तिकीट होतं. माझा शेरा होता, खाली माझं नाव होतं. मी ते ऑफिसात बघितलं होतं. आणि तुम्हाला ते वाचता येत नव्हतं. ज्या गोष्टीसाठी तुम्ही लढत होतात, तीच नसल्याचा मला आनंद झाला.

तुम्ही विचारलंत, "तू वाचून दाखवतेस का?"

मी म्हणाले, "मी कंपनीची माणूस आहे अण्णा. मी वाचणं बरोबर नाही दिसणार."

"सरी," तुम्ही म्हणालात. "बरोबर आहे तुझं."

नियमानं बरोबरच होतं ते. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नसेन.

सुनावणीला मी कंपनीच्या बाजूला बसले होते. तुम्ही आत आलात, काठी खुर्चीला लावलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "प्राजक्ता आलीये ना? तो खोकला तिचाच. गरम पाणी पी गं अम्मा." आमच्या वकिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. ते मग बोलले. वापरणाऱ्या अंध लोकांची संख्या नगण्य आहे, कंपनीपुढे इतर तातडीची कामं होती, सुधारणा विचाराधीन आहे. तुम्ही कन्नडमध्ये उत्तर दिलंत, सावकाश, जसे तुम्ही पूर्वी फोन जोडून देताना बोलत असाल. माझ्या एक्स्चेंजच्या बोर्डावर शंभरावर लाइनी होत्या साहेब. काही लाइनींवर महिन्यातून एक फोन यायचा. कमी फोन येतात म्हणून मी एखादी तोडून टाकली असती, तर कारखान्यानं मला ठेवलं असतं का?

लीगलच्या बाई वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

आदेश तुमच्या बाजूनं आला. तीन महिन्यांत दुरुस्ती, रिपोर्ट वाचता येईल अशा मजकुरात, आणि यापुढे ॲपमध्ये मोठा बदल केला तर आधी अंध माणसाकडून तपासून घ्यायचा. काम माझ्याकडेच आलं. बटनांची नावं तर तयारच होती. रिपोर्ट जास्त अवघड होते, त्यातले तक्ते फोनला नीट वाचता येत नव्हते. ‘साखर’ वाचायचा आणि आकडा दुसऱ्याच तपासणीचा सांगायचा. दर शनिवारी तुम्ही माझ्या चुका काढायचात. "तुझ्या हिशेबानं माझं हिमोग्लोबिन एकशे चाळीस आहे. मी घोडा आहे का?" मी परत जाऊन दुरुस्त करायची. आयुष्यात एवढं चोख काम मी केलेलं नाही. आणि तरी दर शनिवारी त्या तिकिटाचं न सांगताच परत जायची.

त्या शुक्रवारी मी रजा काढून तुमच्याबरोबर डायलिसिसला आले. अक्कांचा गुडघा दुखत होता. सकाळची वेळ, खोलीत पाच खुर्च्या, यंत्रांची संथ घरघर. आदल्या दिवशीच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. तुम्ही मोकळ्या हातानं फोन कानाशी धरलात, दोनदा अंगठा फिरवलात, एकदा दाबलात. ‘रिपोर्ट’, फोन म्हणाला. मग तो तुमच्या कानात कुजबुजत राहिला आणि मला काही ऐकू आलं नाही. मी समोर बसून तुमचा चेहरा बघत होते. चांगलं की वाईट ते मला कळत नव्हतं. कळायलाच नको होतं, ते तुमचं होतं. आणि मला राहवेना.

"अण्णा, तुमची ती पहिली तक्रार. ती मी बंद केली होती."

तुम्ही फोन खाली ठेवलात. "हं. प्राजॅक्टा के."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"फोन असंच म्हणतो तुझं नाव. प्राजॅक्टा. इंग्रजी बाई आहे ना त्यात. मी आयुक्तांच्या ऑफिसातून वाचता येईल अशी प्रत मागवली होती. एकोणिसावं पान."

"म्हणजे सुनावणीच्या आधीच?"

"आधीच."

सुनावणीच्या आधी. मला गरम पाणी पी म्हणालात त्याच्याही आधी. "मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. स्वल्प उशीर केलास." तुम्ही हसला नाहीत. "काय लिहिलं होतंस, म्हण बघू. तुझ्या तोंडानं."

मी म्हटलं. अत्यल्प वापरकर्त्यांवर परिणाम, करणार नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"अत्यल्प म्हणजे किती?"

"माहीत नव्हतं."

"तुझ्यासमोर किती होते?"

"एक."

"मग तसं लिहायचं. ‘एका माणसाला त्रास आहे, करणार नाही.’ असं लिहायला हात उचलला असता का तुझा?"

नसता उचलला. मी रडत होते आणि तुम्ही नळ्या लावलेला हात न हलवता दुसऱ्या हातानं रुमाल शोधत होतात. तुमच्या खिशात तो नेहमीच असायचा. "होगली बिडु," तुम्ही म्हणालात, जाऊ दे. "पण विसरू नको. मी पण विसरणार नाही." तुम्ही माफ केलंत असं मी कुणाला सांगणार नाही, कारण तो शब्द तुम्ही उच्चारला नाहीत. तुम्ही मग विचारलंत, खाली कॅन्टीनमध्ये इडली मिळत असेल का, तुला भूक लागली असेल. मला खरंच लागली होती. परवा हलकं वाटलं ते यामुळेही, तुम्ही असताना सांगून झालं होतं म्हणून.

त्यानंतर आपण एकदाच भेटलो. मी ती नोकरी सोडून अशा हक्कांसाठी लढणाऱ्या एखाद्या संस्थेत जाणार म्हणाले. तुम्ही भडकलात. "बाहेरून फाटक वाजवायला मी होतो. आतून कडी काढायला कोण? तू काढलीस, उशिरा काढलीस, पण तूच काढलीस ना?" मी म्हणाले, मीच ती लावलीही होती. वाद तिथंच राहिला. अक्कांनी जेवायला हाक मारली.

एक मात्र कबूल करते. कार्तिक मागच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत गेला. जाताना त्याचा तो पंधरा दिवसांचा शब्दही त्याच्याबरोबर गेला असता. नव्या मॅनेजरनं पहिल्याच दिवशी विचारलं, हे दर वेळी अंध माणसाकडून तपासून घेण्याचं लचांड कशाला. मी आदेशाचा कागद पुढे ठेवला. तो वाचून त्यानं पुढचं तिकीट उघडलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. पण अण्णा, आदेश फक्त त्या एका ॲपपुरता आहे. आमची आणखी दोन ॲप आहेत, त्यांना तो लागू नाही. त्यांच्या बटनांना मी नावं द्यायला लावली ती नुसतं बोलून, सोमवारच्या त्याच बैठकीत. तेव्हा माझंही अगदीच चूक नव्हतं. यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ऐकायचं होतं. आणि मी तुमचे एकदाही नीट आभार मानले नाहीत, तेही राहिलं. तुम्ही दहा शब्दांतच "साकू" म्हणून ते कापून टाकले असते.

आज सकाळी अक्कांचा फोन आला. मला माहीत नव्हतं ते त्यांनी सांगितलं. तुम्ही जाण्याच्या दहा दिवस आधी हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. हृदय फार दमलंय, किडनी बदलायचं ऑपरेशन झेपणार नाही, असं त्यात होतं. तुम्ही तो सकाळी दहाच्या सुमारास ऐकलात, व्हरांड्यात, एकटे. अक्का स्वयंपाकघरात होत्या.

"मला काय माहीत," अक्का म्हणाल्या. "बाहेर आले तर फोन खिशात, आणि हे अवरेकाळूच्या, तुमच्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेले. मी म्हटलं, आज काय झालं, कधी हात लावत नाहीत. तर म्हणाले, असू दे, करतो. पाटीभर शेंगा सोलल्या गं त्यांनी. दोन तास. एकही शेंग सोडली नाही, किडका दाणासुद्धा वेगळा काढला. मधे एकदा रेडिओ लावला, मग बंद केला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, अक्का गॅस बंद करून परत आल्या.

"मग मला हाक मारली. म्हणाले, हात पूस आणि इथं बस. माझा हात धरला आणि स्वतः सांगितलं सगळं. त्यांच्या तोंडून ऐकलं म्हणून सोसलं बघ. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं असतं तर मी तिथंच पडले असते."